खैरातची हिरवी पाटी



'धुळाक्षरे गिरवणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. पण ती धूळ कुठली, हे नव्या पिढीला सांगावं लागेल. जुन्या पंतोजींच्या शाळेत लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा वाळू पसरायची, बोटाने नाहीतर काडीने तीवर अक्षर काढायचं, आणि हात फिरवला की फळी पुन्हा कोरी. हीच धूळपाटी. फळी फुटली तर गावचा सुतार दुसरी करून देई, आणि धुळीला तर दाम नव्हताच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे एक पाद्री मद्रासेत अनाथ मुलांची शाळा चालवीत. देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलाने लहानाला शिकवावं, ही पद्धतही बसवली. १७९७ साली त्यांनी लंडनात त्यावर पुस्तक छापलं, आणि पुढे विलायतेतल्या कितीतरी गरीब मुलांच्या शाळा त्या पद्धतीवर चालल्या. कुणी कुणाला परवाना विचारला नाही. वापरा, सोयीप्रमाणे बदला, पुढे द्या, असा त्या साधनाचा स्वभावच होता.

हे आज सांगायचं कारण असं, की २००७ साली एक पाटी उलट्या वाटेने, समुद्रापलीकडून, आपल्या रायगड जिल्ह्यात आली. अमेरिकेतले प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली जाहीर केलं होतं, की गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरात एक छोटा संगणक देता येईल. भारत सरकारने २००६ साली या योजनेला नकार दिला. आम्हांला आधी वर्ग हवेत, शिक्षक हवेत, असं सरकारचं म्हणणं होतं, आणि माझ्या मते ते अगदीच चुकीचं नव्हतं. किंमतही शंभरावर राहिली नाही. यंत्र बाहेर पडलं तेव्हा ती दोनशेच्या जवळ गेली होती. तथापि अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाच्या सहकार्याने या योजनेचा देशातला पहिला प्रयोग ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाला, तो रायगडातल्या खैरात गावच्या प्राथमिक शाळेत.

शाळा कशी, तर तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेसारखी. एक खोली, एक गुरुजी, पहिली ते चौथी एकत्र, आणि पटावर वीस-बावीस मुलं. त्या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाची, दप्तरात मावतील अशी यंत्रं आली. कळफलकावर रबराचं अखंड आवरण, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ नये. पडदा असा, की भर उन्हातही वाचता यावा. वरच्या बाजूला सशाच्या कानांसारखे दोन अँटेने. ते उभे केले की शेजारची दोन यंत्रं इंटरनेटशिवायही एकमेकांशी बोलत, आणि दोघांना एकाच चित्रावर किंवा लेखावर काम करता येई. फोटो काढायची सोय होती. कासवाला हुकूम देऊन आकृत्या काढायची सोय होती: इतकी पावलं पुढे जा, इतक्या अंशात वळ, आणि चौकोन तयार. पुढे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संशोधकही, मुलं यंत्रावर मिळून कशी शिकतात हे पाहायला, या शाळेत गेले. एका खोलीत चार इयत्ता बसत असल्या म्हणजे थोरल्याने धाकट्याला दाखवणं आलंच. बेलसाहेबांनी पद्धत म्हणून लिहून ठेवलं, ते आपल्या एकशिक्षकी शाळेत गरज म्हणून रोज चालतं.

पण या यंत्राची खरी खुबी वेगळीच होती. त्याच्या कळफलकावर एक जादा कळ होती. ती दाबली की, समोर चाललेला कार्यक्रम आतून कसा लिहिला आहे, ते उघडून दिसावं, अशी योजना होती. घड्याळाचं झाकण काढून आतली चक्रं पाहावीत, तसंच. हे शक्य होतं, कारण आतली आज्ञावली 'मुक्त' होती. इथे जरा थांबू या. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे फार घोटाळा होतो. आपल्या मराठीत दोन स्वच्छ शब्द आहेत. फुकट म्हणजे दाम न मोजता मिळालेलं. मुक्त म्हणजे जे उघडून पाहता येतं, दुरुस्त करता येतं, आपल्या भाषेत आणता येतं आणि दुसऱ्याला देता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत या विचाराचा पाया घातला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. खैरातची यंत्रं त्याच लिनक्सवर चालत. पडद्यावरच्या सूचना मराठीत आणायला स्वयंसेवक बसले, तेव्हा त्यांना कुठल्याही कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभं राहावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अशी यंत्रं गावोगाव का पोहोचली नाहीत? याचं उत्तर पेरू या देशात सापडतं. तिथे ही यंत्रं लाखांनी वाटली गेली. २०१२ साली तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती झाल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. यंत्र मुलाच्या हाती दिलं की काम झालं, अशी मूळ कल्पना होती. गुरुजींना तीत जवळजवळ जागाच नव्हती. याच्या उलट केरळने केलं. २००१ साली तिथे शाळांसाठी संगणक शिक्षणाची सरकारी योजना निघाली. त्यांनी शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार केले, मुक्त आज्ञावली पत्करली, ती मल्याळममध्ये आणली, आणि दहावीची संगणकाची परीक्षासुद्धा तीवरच घेतली. आपल्याकडेही पाहा. पाठ्यपुस्तकातल्या धड्याला चौकटीचा कोड जोडण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी रुजवली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधन शिक्षकाच्या हातून गेलं, म्हणून ते टिकलं.

माथेरानच्या पायथ्याच्या लोकांना ही गोष्ट निराळ्या रीतीने ठाऊक आहे. टाटांचं वीजघर खोपोलीला १९१५ साली झालं, भिवपुरीचं १९२२ साली. त्यांच्या तारा रानावरून, वाड्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेल्या. त्यांच्याखालच्या घरांत दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. माथेरानात जन्मलेल्या भाई कोटवालांच्या आझाद दस्त्याने १९४२ साली त्याच तारांचे मनोरे पाडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याआधी याच भाईंनी स्वयंसेवी शाळा काढल्या होत्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उघडल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते गेले, तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. मनोऱ्यांइतकीच त्या शाळांचीही आठवण ठेवावी, असं मला वाटतं.

मार्च २०२० मध्ये महामारीने शाळा बंद झाल्या, तेव्हा डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा अनुभव पुन्हा आला. धडे मोबाईलवर आले. पण घरात मोबाईल एक आणि मुलं तीन. तो एकही बापाबरोबर कामावर. डोंगराआडच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत कुठे फोनच नाही, कुठे फोन असून रेंज नाही. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. म्हणून मला वाटतं, साधन निवडताना शिक्षकाने आधी हेच विचारावं, की तार तुटली तर हे माझ्यापाशी राहील का?

राहतील अशी साधनं आज आहेत. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवरून दाम न देता उतरवून घेता येतात. केंद्र सरकारचं २०१७ साली सुरू झालेलं 'दीक्षा' तर मुक्त आज्ञावलीवरच उभं आहे. नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेले 'फेट'चे प्रयोग वीजमंडल, लंबक, अपूर्णांक असे विषय पडद्यावर हाताळायला देतात. त्यांतले बरेचसे मराठीत आहेत आणि इंटरनेटशिवायही चालतात. 'कोलिब्री' नावाची मुक्त आज्ञावली एका लहानशा संगणकावर बसवली, की तो खोलीपुरता ग्रंथालयाचं काम करतो. आसपासचे मोबाईल त्याला जोडले की त्यावरचे धडे उघडतात, बाहेरची रेंज लागत नाही. कर्जतला किंवा नेरळला आठवड्याच्या बाजाराला गेलात, तर तिथे एकदा सगळं उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावं. माथेरानात बाहेरच्या मोटारी दस्तुरीपाशीच थांबतात. पेनड्राइव्ह मात्र सदऱ्याच्या खिशातून कुठल्याही वाडीवर चढतो. एकदा नेला, की शेजारच्या शाळेला त्याची नक्कल द्यायची. आणि 'फेट'च्या प्रयोगाचं मराठी भाषांतर झालेलं नसलं, तर ते करायला शिक्षकालाही नाव नोंदवता येतं. चौथीतल्या पोराला कळेल असा शब्द त्यालाच ठाऊक असतो.