जिन्यावरची जाणीव आणि फितींचे कपाट

१/ प्रोग्रामिंग शिकू लागलेला विद्यार्थी दोन संख्यांतील मोठी संख्या काढण्यासारख्या किरकोळ कामासाठीही वेगळे फंक्शन लिहितो. जाणकारांना ते बाळबोध वाटते. परंतु या सवयीमागे एका थोर संशोधकाच्या चुकांचा इतिहास आहे.

२/ ६ मे १९४९ रोजी केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत एडसॅक या संगणकाने वर्गसंख्यांचे कोष्टक छापले. त्यानंतर त्याचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी एअरीचे विकलक समीकरण सोडवायला घेतले. प्रोग्राम अवघा १२६ ओळींचा; चुका मात्र वीसच्या आसपास!

३/ यंत्राची खोली आणि फीत पंच करण्याची जागा यांच्यामधल्या जिन्यावर विल्क्स यांना एक जाणीव झाली. यापुढील आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका शोधण्यात जाणार होता.

४/ यावर उपाय निघाला तो असा: एकदा पारखून घेतलेले काम पुन्हा लिहायचेच नाही. एडसॅकला भागाकाराची आज्ञाच नव्हती; प्रत्येकाने तो नव्याने रचला असता, तर प्रत्येकाने नव्याने चुकाही केल्या असत्या. म्हणून भागाकार, वर्गमूळ, लॉगॅरिदम, छपाई यांचे तयार तुकडे, म्हणजेच सबरूटीन, कागदी फितींवर पंच करून कपाटात ठेवले गेले. हवी ती फीत काढायची आणि तिची यांत्रिक नक्कल आपल्या फितीत उतरवायची.

५/ अडचण एकच होती. तुकड्याचे काम संपल्यावर परतायचे कोठे? त्यासाठी यंत्रात सोय नव्हती. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधक-विद्यार्थ्याने युक्ती काढली. मूळ प्रोग्राम निघण्यापूर्वी आपला ठावठिकाणा संचायकात ठेवी. सबरूटीन त्यावरून परतीची आज्ञा स्वतःच घडवून आपल्या शेवटी बसवी. हीच ‘व्हीलर जंप’.

६/ १९५१ मध्ये विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे प्रोग्रामलेखनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात या संग्रहातील ८७ सबरूटीनांची नोंद होती. एडसॅक वापरणारे अनेक जण मुळात आपापल्या शास्त्राचे अभ्यासक होते. प्रोग्रामिंगमध्ये तेही नवशिकेच. भागाकार आतून कसा चालतो हे न जाणताही त्यांना आपले गणित मांडता येऊ लागले.

७/ छोट्या फंक्शनचा खरा लाभ वाचलेल्या ओळींपेक्षा मोठा आहे. ते एकदा कसोशीने तपासले की पुढची चूक तिथे शोधावी लागत नाही. नवशिक्या नकळत तेच करीत असतो: जिन्याच्या फेऱ्या कमी करणे.