रेडिओच्या काचेवरचा युरोप

1930च्या दशकात युरोपातल्या रेडिओंवर काचेची लांब पट्टी आली आणि तिच्यावर हिल्व्हरसम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग अशी केंद्रांची नावे झळकू लागली. अक्षरे काचेच्या मागच्या बाजूला उलटी छापलेली असत. आतला दिवा लागला की ती उजळत. पण अक्षरांचा हा रंगच पुढे कच्चा दुवा ठरला. दिव्याची उष्णता आणि दमट हवा यांनी तो सुटतो आणि ओल्या फडक्याचा एक हात फिरला तरी गावेच्या गावे पुसली जातात.

म्हणून जुन्या रेडिओंसाठी नव्या पट्ट्या छापण्याचे काम सुरू झाले. जुनी काच स्कॅन करून प्रत्येक अक्षर संगणकावर नव्याने रेखायचे, मग जाळीच्या छपाईने एकेक रंग काचेच्या मागे उलटा चढवायचा. खरी कसोटी मापाची. खुणांमधले अंतर ट्यूनिंग कपॅसिटरच्या पात्यांच्या आकारावर आणि काटा ओढणाऱ्या दोरीच्या चाकाच्या व्यासावर ठरते. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलची पट्टी नेमकी बसली, तरी काटा भलत्याच केंद्रावर थांबतो.

सालही पाहावे लागते. कोपनहेगन करारानुसार 15 मार्च 1950 रोजी युरोपातल्या मध्यम लहरींच्या केंद्रांच्या फ्रिक्वेन्सींची फेरवाटणी झाली आणि आधीच्या काचा एका रात्रीत जुन्या झाल्या. 1938च्या रेडिओवर 1950नंतरची नावे छापणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, इतिहासाची मोडतोड आहे.