वसईच्या घंटा

नारळी-केळीच्या वाड्यांतून वसईच्या किल्ल्यांत शिरतांच वाटाड्या पडक्या चर्चांचे मनोरे दाखवितो. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला. येथेंच जन्मलेले गोंसालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकीस क्रुसावर गेले. १८६२ सालीं त्यांस संतपद लाभलें. भारतांत जन्मलेले हे पहिले कॅथॉलिक संत! पण मनोऱ्यांत घंटा कां नाहींत? १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं, पुष्कळ माणसें गमावून, किल्ला जिंकला व घंटा मराठी मुलखांत गेल्या. एक भीमाशंकरीं, एक नाशिकास नारोशंकराच्या देवळांत आहे. वसईची यात्रा पुरी करावयाची, तर सह्याद्रि चढावाच लागतो. तेथें शंकराच्या दारीं त्या अजून टांगलेल्या आहेत.