निष्ठेचें नाणें आणि त्याचा बट्टा

मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यास बिलाच्या प्रमाणांत कांहीं 'पॉइंट' मिळतात व ते पुरेसे साठले म्हणजे एखाद्या रात्रीची खोली विनामूल्य मिळते, ही गोष्ट आमच्या सुशिक्षित कुटुंबांस आतां नवी राहिलेली नाहीं. क्रेडिट कार्डामुळें तर ते घरबसल्याही साठूं लागले आहेत. परंतु एका पॉइंटाची खरी किंमत किती, असें विचारल्यास फारच थोड्यांस उत्तर देतां येईल. आमच्या मतें हें उत्तर जितकें अंकगणितांत आहे, तितकेंच इतिहासांतही आहे. म्हणून प्रथम इतिहास पाहूं.

ही कल्पना मूळची हॉटेलवाल्यांची नव्हे; ती दुकानदारींतून आली. इ. स. १८९६ मध्यें अमेरिकेंत स्पेरी व हचिन्सन या दोघांनीं एक कंपनी काढिली. दुकानदारानें तिच्याकडून हिरवीं तिकिटें विकत घ्यावींत व गिऱ्हाइकांस खरेदीच्या मानानें तीं वाटावींत, अशी योजना होती. सामान्यतः दहा सेंटांच्या खरेदीस एक तिकीट पडे. गिऱ्हाईक तीं वहींत चिकटवी आणि १२०० तिकिटांची वही भरली म्हणजे ती देऊन कंपनीच्या भांडारांतून एखादी घरगुती वस्तु घेऊन येई. या तिकिटांवर रोख किंमतही छापलेली असे: एक मिल, म्हणजे सेंटाचा दहावा हिस्सा. अर्थात् १२० डॉलर खर्चून भरलेली वही रोखीच्या हिशेबानें १ डॉलर २० सेंटांची झाली. वस्तूंच्या रूपानें मोबदला याहून बरा मिळे. परंतु किंमत कितीही क्षुल्लक असली तरी ती तिकिटावर छापलेली होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढें १९७८ सालीं अमेरिकेंत विमान कंपन्यांवरील सरकारी निर्बंध उठले व त्यांच्यांत भाड्याची चढाओढ सुरू झाली. आपला उतारू दुसरीकडे जाऊं नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ च्या मे महिन्यांत प्रवासाचे मैल जमेस धरण्याची योजना काढिली. १९८३ सालीं हॉलिडे इन व मॅरियट या हॉटेल कंपन्यांनीं तोच कित्ता गिरविला. १९८७ सालीं हिल्टन व हयात त्यांच्या पंक्तीस येऊन बसल्या. या स्थित्यंतरांत तिकिटावरील छापील किंमत मात्र गळून पडली. कालांतरानें तिची जागा अमुक दर्जाच्या हॉटेलास अमुक पॉइंट, अशा तक्त्यानें घेतली.

पण हा तक्ता तरी टिकला काय? स्टारवुड कंपनीनें १९९९ सालीं जी योजना काढिली, तींत साधी खोली रिकामी असेल तर ती पॉइंटांवर नाकारावयाची नाहीं, असा नियम होता. त्यामुळें ती फार लोकप्रिय झाली. २०१६ सालीं मॅरियटनें ती कंपनीच विकत घेतली. स्टारवुडच्या एका पॉइंटास मॅरियटचे तीन असा विनिमय ठरला व २०१८ च्या ऑगस्टांत दोन्ही योजना एक झाल्या. हिल्टननें २०१७ सालीं आपला तक्ता काढून टाकला होता; मॅरियटनेंही २०२२ च्या मार्चांत तेंच केलें. आतां खोलीचा पॉइंटांतील भावही रोख भावाप्रमाणें दिवसागणिक बदलूं शकतो. टांकसाळ कंपनीची, बाजार कंपनीचा आणि भावाची पाटी पुसून लिहिणारा हातही कंपनीचाच!

पेशवाईंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत व शराफ प्रत्येक नाणें पारखून त्यावर बट्टा कापी. पॉइंटांच्या बाबतींत ही शराफी ज्याची त्यानेंच केली पाहिजे. समजा, एका खोलीस करासह १२,००० रुपये पडतात व तीच खोली २०,००० पॉइंटांस मिळते. भागाकार केला म्हणजे एका पॉइंटाची किंमत ६० पैसे येते. ही झाली दर्शनी किंमत. पण पॉइंट नसते, तर आपण १२,००० रुपये खरोखर दिले असते काय? ७,००० रुपयांच्या साध्या हॉटेलांत उतरलों असतों, तर आपली बचत ७,००० चीच. म्हणजे भाव ३५ पैशांवर आला. वरच्या दर्जाचें सुख मिळालें खरें, पण त्याची किंमत आपण मनानें मान्य केली असेल तेवढीच धरावी. हा पहिला बट्टा. रोख पैसे दिले असते, तर त्या मुक्कामावर नवे पॉइंट मिळाले असते, ते बुडाले, हा दुसरा. आणि आज २०,००० ना मिळणारी खोली पुढील वर्षीं त्यांना मिळेलच असें नाहीं. हा तिसरा, व आमच्या मतें सर्वांत मोठा. ज्या पॉइंटांची किंमत आपल्या हिशेबानें ५०० रुपये भरते, ते मिळावेत म्हणून दोन हजार रुपये अधिक देऊन महाग हॉटेल निवडणें, हा तर सरळ आतबट्ट्याचा व्यवहार होय.

उलटपक्षीं, कंपन्या या नाण्यास किती मोल देतात तेंही पाहण्याजोगें आहे. जमाखर्चांत न वटलेले पॉइंट त्यांस देणें म्हणून दाखवावे लागतात. २०२० च्या मे महिन्यांत, साथीमुळें हॉटेलें ओस पडलीं असतां, मॅरियटनें आपल्या नांवाचीं कार्डें काढणाऱ्या दोन वित्तसंस्थांकडून ९२ कोटि डॉलर उभे केले. खोल्या रिकाम्या होत्या, पण पाहुण्यांच्या निष्ठेवर पैसा मिळत होता! सर्वच कंपन्या भाव मोघम ठेवितात असें मात्र नव्हे. आकॉर या फ्रेंच कंपनीनें आपल्या योजनेंत २,००० पॉइंटांस ४० युरो असा स्पष्ट भाव बांधून दिला. म्हणजे हिरव्या तिकिटांचा जुना प्रामाणिकपणा अगदींच अशक्य आहे असें नाहीं.

या इतिहासाचें तात्पर्य आमच्या मतें एवढेंच: ज्या नाण्याचा भाव ठरविण्याचा अधिकार देणाऱ्याच्याच हातीं आहे, तें साठवून कोणी श्रीमंत होत नाहीं. मिळालें तर नाकारूं नये, मिळविण्यासाठीं वांकडी वाट करूं नये, आणि हातीं आलें तर जपून न ठेवितां चांगल्या कामीं लवकर खर्चून टाकावें. या योजनांस 'निष्ठा' हें मोठें नांव दिलेलें आहे. परंतु आपल्या भाषेंत निष्ठेस दोन्ही बाजूंनीं शब्द पाळावा लागतो; जेथें एकच बाजू बांधलेली आहे, तेथें तिला व्यवहार म्हणावें आणि व्यवहाराच्याच तागडींत तोलावें.