फुटलेले गलबत कोणाचे?

शिवराज्याभिषेकाच्या वर्णनांत हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील नजराणा अर्पण करताना नेहमी भेटतो. परंतु तो निव्वळ सोहळा पाहण्यास आला नव्हता. जून १६७४मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मागण्यांची कलमे घेऊन तो रायगडावर आला होता. बहुतेक कलमे मान्य झाली. नाकारली गेली ती दोन : एक नाण्यांच्या चलनाविषयीचे, दुसरे फुटलेल्या जहाजांविषयीचे. हे दुसरे कलम आपण सहसा ओलांडून पुढे जातो.

मागणी अशी होती की, वादळाने किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची गलबते व त्यांवरील माल त्यांना परत मिळावा. उत्तर आले की, असा माल परत करणे कोकणच्या पुरातन रिवाजाविरुद्ध आहे. शिवाय इंग्रजांना सवलत दिली, तर फ्रेंच आणि डचही तीच मागतील.

हे उत्तर आपण वाचतो ते जॉन फ्रायरच्या १६९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात, म्हणजे मागणाऱ्याच्याच भाषेत. दुभाष्याच्या तोंडून कंपनीच्या लेखणीत उतरलेला हा नकार 'किनाऱ्यावरची लूट' म्हणून वाचणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात सार्वभौमत्वाची स्पष्ट जाणीव दिसते : आपल्या किनाऱ्याचा कायदा एका परकीय कंपनीसाठी वाकविता येत नाही. खुद्द इंग्लंडातही बेवारस भग्न जहाजांवर राजाचाच हक्क असे. १२७५च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने त्याला मर्यादा घातली : जहाजातून माणूस, कुत्रा वा मांजर जिवंत सुटले, तर मालकास एक वर्ष व एक दिवसाची मुदत मिळे. म्हणजे जो हक्क त्यांच्या राजाचा होता, तोच येथील राजाने सोडावा, अशी ही मागणी होती.

१८१८मध्ये पेशवाई संपली आणि बहुतेक कोकण याच कंपनीच्या हाती गेले. पुढे वसाहती सरकारच्या १९२३च्या व्यापारी नौकानयन कायद्यात भग्न जहाजांसाठी 'रिसीव्हर' हा अधिकारी आढळतो. सापडलेल्या मालाची वर्दी त्याला द्यायची. मालकाने मुदतीत हक्क सांगून, माल वाचविणाऱ्याचा मोबदला चुकवून तो सोडवायचा. बेवारस राहिला तर तो सरकारजमा. मालकाला येथे संरक्षण मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. तथापि अंतिम हक्क किनाऱ्याच्या सत्तेचा, हे तत्त्व तसेच राहिले. केवळ सत्ताधारी बदलला. एके काळी सवलत मागणारा आता नियम घालून देत होता.

म्हणून कंपनीच्या कागदांत कोकणी माणसाचा उल्लेख 'लुटारू' असा आला की, तो शब्द कोणी आणि कोणती मागणी फेटाळली गेल्यावर लिहिला, हे आपण आधी विचारावे.