पोर्ट ट्रंकिंग : इथरनेट स्विचमधील जोडण्यांच्या एकत्रीकरणाचा इतिहास

प्रस्तावना :

'ट्रंक' हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा झाला तो ट्रंक कॉलमुळे. परगावी बोलावयाचे तर एक्सचेंजमध्ये कॉल नोंदवून वाट पाहात बसावे लागे. दोन एक्सचेंजना जोडणाऱ्या तारांपैकी जी मोकळी असेल ती मिळे आणि बोलणे संपेपर्यंत ते त्याच तारेवर चाले. भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान एसटीडी सेवा सुरू झाली व पुढे ट्रंक कॉल मागे पडला. शब्द मात्र संगणक जाळ्यांच्या परिभाषेत टिकून राहिला. दोन स्विचमधील अनेक केबलींना एकच जोडणी मानणे म्हणजे पोर्ट ट्रंकिंग होय. अशा जोडणीत एकट्या संभाषणाचा वेग वाढत नाही. ही उणीव नसून जाणीवपूर्वक स्वीकारलेली मर्यादा आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दुसऱ्या केबलचा प्रश्न :

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून विकसित केलेले इथरनेट हे एकाच सामायिक केबलवर चालणारे जाळे होते. १९८३ मध्ये त्यास आय-ट्रिपल-ई या संस्थेचे मानक लाभले. वेग १० मेगाबिट प्रतिसेकंद. पुढे अशी जाळी एकमेकांस जोडली जाऊ लागली आणि वर्तुळाचा धोका उद्भवला. इथरनेटच्या फ्रेमला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे वर्तुळात सापडलेली प्रसारण-फ्रेम फिरतच राहते व तिच्या प्रती वाढत जातात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या स्पॅनिंग ट्री पद्धतीने हा धोका टळला, परंतु त्याची किंमत होती. दोन स्विचमध्ये दुसरी केबल जोडली तर ती बंद ठेवली जाई. पहिली तुटेपर्यंत दुसरीचा उपयोग शून्य.

१९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या कॅलिफोर्नियातील कंपनीचे नाव 'कल्पना' होते. संस्थापक विनोद भारद्वाज यांनी ते आपल्या पत्नीच्या नावावरून ठेवले होते. या कंपनीने अनेक जोडण्या एकत्र बांधणारे 'इथरचॅनल' तंत्र विकसित केले; १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. या तंत्राची गरज इथरनेटच्या वेगवाढीतूनच कळते. प्रत्येक नवी पिढी दहापट वेगाची : १९९५ मध्ये १००, तर १९९८ मध्ये १००० मेगाबिट. ज्यास तिप्पट वा चौपट वेग पुरेसा, त्याने दहापट वेगाचे महाग यंत्र का घ्यावे? जुन्याच चार केबली बांधणे स्वस्त पडे.

मानक आणि त्याची अट :

प्रत्येक उत्पादकाची पद्धत मात्र निराळी. सिस्कोच्या परिभाषेत तर 'ट्रंक' म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारी जोडणी. इतर अनेकांकडे तोच शब्द एकत्रीकरणासाठी! हा गोंधळ आजही विद्यार्थ्यांना छळतो. २००० मध्ये आलेल्या ८०२.३एडी या मानकाने शब्दांचा नव्हे, पण पद्धतींचा प्रश्न सोडविला. त्यातील एलएसीपी या संदेशपद्धतीने दोन्ही टोकांचे स्विच परस्परांची खातरजमा करूनच गट बांधतात. निदान एक टोक सक्रिय असावे लागते. दोन्ही निष्क्रिय ठेवल्यास गट बनत नाही. गटातील सर्व जोडण्या समान वेगाच्या व फुल डुप्लेक्स असाव्या लागतात.

मानककर्त्यांपुढील खरा पेच क्रमाचा होता. एकाच संभाषणाच्या फ्रेम आळीपाळीने चार केबलींवर पाठविल्या तर मागची फ्रेम पुढे पोहोचण्याची शक्यता निर्माण होते, आणि क्रम अबाधित राहील या गृहीतावर तर वरच्या स्तरांतील कितीतरी व्यवहार आधारलेले होते. म्हणून एका संभाषणाच्या फ्रेम एकाच केबलवरून जातील असे ठरले. मानकात शब्दही 'संभाषण' हाच आहे. कोणते संभाषण कोणत्या केबलवर, हे स्विच पत्त्यांवरून गणिताने ठरवतो. ट्रंक कॉलचाच हा नियम!

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका प्रयोगशाळेत 'वेग दुप्पट होईल' म्हणून साध्या स्विचमध्ये दुसरी केबल तशीच खोचण्यात आली आणि क्षणार्धात सारे जाळे ठप्प झाले. पुढे व्यवस्थापनयोग्य स्विच आले, रीतसर गट बांधला गेला. तरीही दोन संगणकांमध्ये एक मोठी फाईल पाठविताना वेग पूर्वीइतकाच राहिला आणि खरेदी समितीत यंत्र सदोष असल्याची चर्चा झाली. यंत्र निर्दोष होते. चाळीस विद्यार्थी एकाच वेळी सर्व्हरशी जोडले गेले तेव्हा दोन्ही केबली कामास लागलेल्या दिसल्या. दोन्ही टोकांची मांडणी आधी पूर्ण करून मगच दुसरी केबल जोडावी, हा क्रम तेथे आता कटाक्षाने पाळला जातो.

२००८ मध्ये हे मानक इथरनेटच्या ८०२.३ गटातून निघून ८०२.१एएक्स या नावाने वेगळे झाले. २०१४ च्या आवृत्तीत गटाचे एक टोक दोन स्वतंत्र स्विचवर विभागण्याची सोय आली. त्यामुळे केबलच नव्हे, तर अख्खा स्विच बंद पडला तरी जोडणी टिकू शकते.