साखर उतारा
गाळलेल्या उसाच्या वजनाशी त्यापासून प्रत्यक्ष हाती आलेल्या साखरेचे शेकडा प्रमाण. एक टन उसापासून १०० किग्रॅ. साखर मिळाल्यास उतारा १० टक्के होय. बिअर तयार करणारा आपल्या भांड्यात माल्टातील शर्करा किती उतरते ते पाहून धान्याचे माप वाढवितो वा घटवितो. साखर कारखान्यास मात्र येईल तो ऊस गाळावा लागतो. त्यामुळे येथे उताऱ्याचा फरक उसाच्या भावावर पडतो.

१८८० नंतरच्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती व इंदापूर या अवर्षणग्रस्त तालुक्यांत आले आणि अंथुर्णे परिसरात हळूहळू ऊस वाढला. तो प्रथम गुऱ्हाळात जाई. बागाईतदाराच्या देखत रस निघे, काहिलीत आटे व ढेपा मोजल्या की उतारा कळे. १९३२ मध्ये साखरधंद्यास जकातीचे संरक्षण मिळाल्यावर वालचंद हिराचंद यांचा कारखाना जवळच वालचंदनगर येथे उभा राहिला. पुढे भवानीनगर येथे सहकारी कारखाना निघाला. उतारा आता वजनकाट्यावर व प्रयोगशाळेत ठरू लागला, शेतकऱ्याच्या डोळ्यांआड.

उसाची जात, पक्वता आणि तोडणीपासून गाळपापर्यंतचा अवधी यांवर उतारा अवलंबून असतो. तोडलेला ऊस पडून राहिल्यास त्यातील साखर घटते. चिपाडे व मळी यांतूनही काही साखर जातेच. पाडेगाव येथील संशोधन केंद्राने (स्था. १९३२) या भागाला अनुरूप जाती दिल्या, त्यांपैकी को. ८६०३२ ही उताऱ्याकरिता, तर फुले २६५ अधिक टनेजकरिता लोकप्रिय झाली.

२०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रु. हा रास्त व किफायतशीर भाव होता आणि त्यावरील दर ०.१ टक्क्यास ३.३२ रु. अधिक मिळत. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढल्यास टनामागे ३३२ रु. वाढत. हा उतारा सबंध कारखान्याचा सरासरी असल्याने पक्व, ताजा ऊस देणाऱ्यास वेगळे काही मिळत नाही, हा या पद्धतीतील मोठाच दोष होय. मळीत अधिक साखर ठेवून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा उतारा कमी दिसतो. म्हणून भावासाठी त्यात ती साखर हिशोबाने मिळवावी लागते.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार भाव १४ दिवसांत देय असतो व तो मागील हंगामाच्या उताऱ्यावर काढला जाई. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने चालू हंगामाचा उतारा धरून दोन हप्त्यांत रक्कम देण्याचा निर्णय काढला. पुणे विभागात पहिला हप्ता १० टक्के उताऱ्यावर ठरला. राजू शेट्टी यांच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला.